छिद्रांची डिस्क टाकली की घाटात ब्रेक जात नाहीत, हे खरं नाही

पोलो जीटी, आय20 एन लाइन, स्विफ्ट अशा चपळ गाड्या चालवणाऱ्यांमध्ये जळगाव-धुळे-नंदुरबारकडे एक मजकूर सारखा फिरतोय: "कंपनीची साधी डिस्क आपल्या 45 अंश उन्हात आणि घाटात टिकत नाही. छिद्रांची किंवा खाचांची डिस्क टाका. ती थंड राहते आणि गाडी निम्म्या अंतरात थांबते. पॅड आणि ब्रेक ऑइल जुनंच चालतं. स्टिअरिंग थरथरलं म्हणजे डिस्क वाकली, लेथवर टर्न करून घ्या. नवी डिस्क बसवली की लगेच घाट उतरून बघा, फरक कळेल."

डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी लोखंडी चकती. ब्रेक दाबला की पॅड तिला दोन्ही बाजूंनी आवळतात. वरच्या मजकुरातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचं आहे. ऑइलचं आणि लगेच घाट उतरण्याचं, ही दोन तर जिवावर बेतू शकतात.

"45 अंश उन्हात डिस्क टिकत नाही."

उन्हाचा वाटा किती, ते मोजता येतं. घाटात राबणारी डिस्क सहज 400 अंशांपर्यंत जाते. बाहेर 30 अंश असेल तर डिस्क आणि हवा यांत 370 अंशांचा फरक, बाहेर 45 असेल तर 355 चा. म्हणजे हवेला उष्णता देण्याचा वेग साधारण 4 टक्क्यांनी कमी होतो. तेवढ्याने चांगली डिस्क बाद होत नाही.

डिस्क तापते ती गाडीचा वेग आणि उंची गिळून. माणसासकट 1200 किलोची गाडी ताशी 100 किलोमीटरवरून थांबवली की सुमारे 460 किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. त्यातला 70 टक्के भार पुढच्या चाकांवर येतो. पुढची डिस्क 6 किलोची धरली, तर एका जोरदार ब्रेकमध्ये तिचं तापमान 55 ते 60 अंशांनी वाढतं. आता तोरणमाळ घ्या. वरून शहाद्याला येताना गाडी सुमारे हजार मीटर खाली येते. ही ऊर्जा 100 वरून 25 वेळा पूर्ण थांबण्याएवढी आहे. सगळी ब्रेकवर येत नाही, टायर, हवा आणि इंजिन आपापला वाटा उचलतात. पण गाडी न्यूट्रलला टाकली की इंजिनाचा वाटा शून्य होतो आणि तो सगळा डिस्कच्या अंगावर येतो. कन्नड घाट चाळीसगावकडे उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये राहिलात, तर ब्रेकसाठी जे होईल ते कोणतीही महागडी डिस्क करून देणार नाही.

"छिद्रांमुळे डिस्क थंड राहते."

उष्णता साठवण्याचं काम लोखंडाचं वजन करतं. छिद्रं पाडली की वजन कमी होतं आणि पॅडला घासायला मिळणारी जागाही कमी होते. तेवढीच ऊर्जा कमी लोखंडात गेली तर तापमान जास्त वाढणार. डिस्क थंड होते ती मुख्यतः दोन पृष्ठभागांमधल्या पोकळीतून. तिथली पाती पंख्यासारखी मधून हवा ओढतात आणि कडेने बाहेर फेकतात. म्हणजे आधी बघायचं ते डिस्क व्हेंटिलेटेड (मध्ये पोकळी असलेली) आहे का, पोकळी गंजाने बुजली नाही ना, आणि पाती सरळ आहेत की वाकडी. पाती वाकडी असतील तर डावी-उजवी डिस्क वेगळी असते. बसवल्यावर वरच्या बाजूने बघा: पात्यांची बाहेरची टोकं गाडीच्या मागच्या दिशेला झुकलेली हवीत. खाचांची दिशा बघून डिस्क बसवली जाते आणि पाती उलटी होतात, ही चूक बरीच आढळते.

छिद्रं आली ती जुन्या पॅडमुळे. तापल्यावर त्या पॅडमधला चिकटद्रव्याचा वायू बाहेर पडून पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये अडकायचा. आजच्या पॅडमध्ये तो त्रास फार कमी आहे. पावसात पाणी लवकर निघून पहिली पकड बरी मिळते, हा छिद्रांचा खरा फायदा, आणि तो मान्य करायला हवा. पण प्रत्येक छिद्राची कड ही तडा जायची जागा असते. तापणं-निवणं वारंवार झालं की छिद्रापासून छिद्रापर्यंत बारीक भेगा जातात. पोर्शे कारखान्यातूनच छिद्रांची डिस्क देते, हे उदाहरण नेहमी पुढे केलं जातं. त्या डिस्क मोठ्या, जाड, छिद्रांच्या कडा नीट उतरवलेल्या आणि त्याच गाडीसाठी आखलेल्या असतात. साध्या डिस्कला ड्रिल मारून विकलेला माल तसा नसतो. अशी डिस्क घाटाच्या गाडीला लावूच नका.

खाचा त्यापेक्षा बऱ्या. त्या पॅडचा चकाकलेला, गुळगुळीत झालेला थर खरवडत राहतात. बदल्यात पॅड लवकर झिजतो आणि ब्रेक मारताना घरघर येते. ट्रॅकवर गाडी नेणाऱ्याला हा सौदा परवडतो. भुसावळ-जळगाव रोज ये-जा करणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही.

"गाडी निम्म्या अंतरात थांबते."

ब्रेक जोरात दाबल्यावर पायाखाली एबीएसची (चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेची) धडधड लागते का? लागत असेल तर डिस्क चाक रोखायला पुरेशी आहे आणि पकड सुटतेय ती टायरची. कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर 100 वरून थांबायला साधारण 40 ते 45 मीटर लागतात, आणि ते ठरतं टायरवर. डिस्क बदलून तो आकडा निम्मा होत नाही. झिजलेले किंवा उन्हाने कडक झालेले टायर बदलले तर मात्र अंतर खरंच कमी होतं.

"पॅड आणि ऑइल तेच चालतं."

घाटात ब्रेक 'गेले' असं आपण म्हणतो तेव्हा त्यात दोन वेगळे बिघाड असतात, आणि ते पायाला कळतात. पेडल कडक आहे, पण गाडी थांबत नाही: पॅड त्याच्या क्षमतेपेक्षा जास्त तापून पकड सोडतोय. पेडल मऊ पडून खाली जातंय: कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात) ब्रेक ऑइल उकळून वाफ झाली आहे. वाफ दाबली जाते, त्यामुळे पायाचा जोर पिस्टनपर्यंत पोहोचतच नाही. या दोन्हींवर डिस्कची छिद्रं उपाय नाहीत.

ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डबीवर त्याची प्रत 'डॉट' आकड्याने लिहिलेली असते. नवं डॉट 4 किमान 230 अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं 155 च्या आसपासही उकळू शकतं. डॉट 3 साठी हेच आकडे 205 आणि 140 आहेत, डॉट 5.1 साठी 260 आणि 180. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदला. नुसतं डबीत भर घालून भागत नाही, कारण जुनं ऑइल कॅलिपरमध्येच राहतं आणि उकळतं तेही तिथेच. नावात साम्य असलं तरी डॉट 5 सिलिकॉनचं असतं. ते डॉट 4 मध्ये मिसळायचं नाही.

पॅडच्या कडेवर छापलेल्या कोडच्या शेवटी इंग्रजी दोन अक्षरं असतात. पहिलं साधारण तापमानातलं घर्षण सांगतं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55. एफई लिहिलेला पॅड तापल्यावर ढिला पडतो, एफएफ टिकून राहतो. घाटाच्या वापराला एफएफच्या खाली जाऊ नका. निव्वळ रेसचा पॅडही घेऊ नका, तो गार असताना पहिल्याच सिग्नलला दगा देतो. आणि नव्या डिस्कवर जुने पॅड बसवायचे नाहीत. जुन्या डिस्कच्या चरांप्रमाणे ते झिजलेले असतात, त्यामुळे नव्या डिस्कला फक्त काही पट्ट्यांवर टेकतात.

"थरथर म्हणजे डिस्क वाकली, टर्न करा."

बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते. एक तर ती हबवर (डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या भागावर) सरळ बसलेली नसते, किंवा तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. हबच्या तोंडावर गंजाचा कागदाएवढा थर राहिला तरी डिस्कच्या कडेला तो फरक वाढून दिसतो. डिस्क दर फेरीला पॅडला एका जागी घासते, आणि काही हजार किलोमीटरनी तिथली जाडी बदलते. जाडीत 0.02 मिलिमीटर फरक पडला तरी हाताला थरथर जाणवू शकते. दुसरं कारण तापलेला पॅड: घाट उतरून लगेच थांबलात आणि ब्रेक दाबून धरला, तर पॅडचा थर त्याच जागी डिस्कला चिकटतो.

तपासायची रीत अशी. चाक काढून सगळे नट योग्य जाडीच्या वॉशरसह परत आवळा, म्हणजे डिस्क हबला घट्ट बसेल. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं यंत्र) बाहेरच्या कडेपासून 10 मिलिमीटर आत टेकवून डिस्क हळू फिरवा. काटा 0.05 मिलिमीटरपेक्षा जास्त हलला तर डिस्क काढा, हब वायर ब्रशने चमकेपर्यंत घासा आणि डिस्क एका नटाने सरकवून बसवून पुन्हा मोजा. बऱ्याचदा इथेच काम होतं. मग मायक्रोमीटरने आठ जागी जाडी घ्या आणि ती सगळीकडे सारखी आहे का ते बघा.

लेथवर टर्न केलेली, म्हणजे पृष्ठभाग कापून सपाट केलेली डिस्क वाकड्या हबवर पुन्हा वाकडीच फिरते. शिवाय लोखंड जातं ते वेगळं. 22 मिलिमीटरच्या डिस्कमध्ये 7 ची घासणारी पाटी, 8 ची पोकळी, 7 ची पाटी धरा. दोन्हीकडून एकेक मिलिमीटर कापलं की घासणाऱ्या लोखंडाचा सातवा भाग गेला. बाद जाडी डिस्कवरच कोरलेली असते, अक्षरं गंजाखाली असतात. टर्न केल्यावर जाडी त्या आकड्याच्या जवळ येणार असेल तर पैसे लेथवर घालवू नका.

मग घ्यायची कोणती? गाडीच्या मापाची, साधी, व्हेंटिलेटेड, चांगल्या बनावटीची, आणि दोन्ही बाजूंची एकत्र. मागवताना नुसतं गाडीचं नाव सांगू नका, चॅसिस नंबर द्या. एकाच मॉडेलला इंजिनाप्रमाणे डिस्क बदलते. हातात आल्यावर व्यास, जाडी, टोपीची (मधल्या उंच भागाची) उंची, मधलं भोक आणि नटांचं अंतर जुन्या डिस्कशी ताडून बघा. वजनही करा. किराणा दुकानातला काटा पुरतो. त्याच मापाची अस्सल डिस्क 6 किलो आणि तुमची 5.2 भरली, तर पाट्या पातळ आहेत. ती परत करा.

मोठ्या व्यासाची डिस्क हवी असेल तर ब्रॅकेट, कॅलिपर आणि चाकातली जागा हे सगळं बदलतं. शिवाय ब्रेकचा भार आणखी पुढे सरकतो. अर्धं काम करून ते जमत नाही.

"बसवली की लगेच घाट."

हे तर अजिबात करू नका. नव्या डिस्कवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसा. करडा लेप असेल तर तो राहू द्या, पॅड स्वतः घासून काढतो. कॅलिपरच्या पिनांना ब्रेकचंच सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं, पिन अडकते आणि एकच पॅड झिजत राहतो. मागे इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर पिस्टन सी-क्लॅम्पने दाबू नका, स्कॅनरवरून सर्व्हिस मोड लावावा लागतो. बसवून झालं की गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा. हे विसरलात तर पहिला ब्रेक लागतच नाही.

मग पहाटे मोकळा रस्ता गाठा. ताशी 60 वरून 20 पर्यंत मध्यम दाबाने 8 ते 10 वेळा वेग कमी करा. पूर्ण थांबू नका, दोन ब्रेकच्या मध्ये अर्धा-एक किलोमीटर गाडी चालू द्या. शेवटी 10 मिनिटं ब्रेक न लावता चालवून डिस्क निवू द्या, आणि गाडी लावताना हँडब्रेकऐवजी गिअरमध्ये ठेवा. पहिले 200-300 किलोमीटर लळिंग, कोंडाईबारी, तोरणमाळ नको. चाकाचे नट गनने ठोकून आवळू देऊ नका. समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क रेंचने, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यावर आवळा (हॅचबॅकना तो बहुधा 85 ते 120 न्यूटन मीटर असतो), आणि 100 किलोमीटरनंतर त्याच रेंचने पुन्हा एकदा तपासा.