दे की त्याला खेळायला!

घरी पाहुणे आले की ठरलेलंच. शेल्फवरचं, लेगोच्या प्लास्टिकच्या छोट्या विटा जोडून केलेलं जहाज दिसतं आणि पहिला प्रश्न येतो, "मुलासाठी आणलंस?" नाही, माझ्यासाठी. मीच बांधलंय. मग ती नजर आणि, "अजून खेळतोस तू?"

हो, खेळतो! शब्दकोडी सोडवणाऱ्याला कुणी वय विचारत नाही, मलाच का? कित्येक खोक्यांवर कंपनी स्वतः 18+ छापते. आठ खुंट्यांच्या, एकाच रंगाच्या फक्त सहा विटा 91,51,03,765 प्रकारे जोडता येतात. 1958 साली पेटंटसाठी नोंदवलेल्या रचनेची वीट आजच्या विटेवर घट्ट बसते. इतकं काटेकोर काम मोठ्या माणसाला आवडलं तर त्यात नवल ते काय?

पण खरा संताप पुढेच आहे. "दे की त्याला खेळायला, लहान आहे तो!" अहो, त्या डोलकाठ्या उभ्या करायला माझ्या कित्येक रात्री गेल्यात. मोडलं की वर ऐकवायचं, "पुन्हा जोडता येतं ना!" येतं, पण सोफ्याखाली गेलेला नखाएवढा तुकडा सापडला तर. आणि तोच तुकडा तुमच्या दोन वर्षांच्या बाळाने गिळला तर? तीन वर्षांखालच्या मुलांना देऊ नका, असं खोक्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं.

पाहुण्यांच्या पोरांसाठी मी मोठ्या विटांचा वेगळा डबा ठेवलाय. पोरं त्यात रमतातही. तो मागा, आनंदाने देईन. जहाजाला हात लावायचा नाही.