पुणे सगळ्यांना सोयीचं नाही

सोलापुरातल्या माझ्या खो-खोच्या जुन्या सवंगड्यांचं हल्ली एकच म्हणणं असतं: राज्य अजिंक्यपद स्पर्धा दरवर्षी पुण्यातच भरवा, सगळ्या जिल्ह्यांना तेच सोयीचं. मला हे पटत नाही. सोयीचं आहे ते आपल्याला. सकाळी हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बसलं की दुपारच्या आत पुणं. गडचिरोलीच्या मुलींनी आधी एसटीने नागपूर नाहीतर बल्लारशहा गाठायचं, मग पुढे अख्खी रात्र रेल्वेत काढायची आणि उतरल्या उतरल्या पळायला उभं राहायचं.

मी पर्थला राहतो. इथे हाच वाद दर सप्टेंबरला पेटतो. ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा अंतिम सामना २०५९ पर्यंत मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवरच खेळवायचा करार आहे. पर्थच्या वेस्ट कोस्ट किंवा फ्रीमँटल संघाने अंतिम फेरीत धडक मारली तर साडेतीन-चार तासांचं विमान, घड्याळ दोन तास पुढे, आणि समोरचा संघ बहुधा मेलबर्नचाच, घरच्या बिछान्यात झोपून आलेला. २०१८ मध्ये वेस्ट कोस्टने तिथे जाऊन मेलबर्नच्या कॉलिंगवूडला हरवलं, तेव्हापासून अंतराची सबब सांगू नका असं ऐकवतात. एक संघ जिंकला म्हणून नियम न्याय्य होत नाही. २०२१ मध्ये कोविडमुळे हा सामना पर्थला आला. दोन्ही संघ मेलबर्नचे, दोघांनाही सारखाच प्रवास. सामना व्यवस्थित पार पडला.

तरी मेलबर्नकडे एक खरं कारण आहे. लाखभर प्रेक्षक बसतील असं दुसरं मैदान या देशात नाही. खो-खोला काय लागतं? दोन खांब आणि २७ बाय १६ मीटर जागा. ती वर्ध्यात मिळते, रत्नागिरीतही मिळते.

म्हणून स्पर्धा फिरती हवीच. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते असं, की सगळ्या संघांचा प्रवासखर्च एकत्र करून जिल्ह्यांत समान वाटावा आणि लांबून येणाऱ्यांचा पहिला सामना दुसऱ्या दिवशी ठेवावा. आपल्याकडे पोरांचे बूट वर्गणीतून येतात, हे मला ठाऊक आहे. जवळच्या स्पर्धेत चार पैसे जास्त भरणं जड जाईल. स्पर्धा चंद्रपूरला असेल तेव्हा तेच पैसे परत येतील.

हा ठराव राज्य संघटनेच्या सभेत सोलापूरने मांडावा. विदर्भाने मांडला तर ती त्यांची नेहमीची तक्रार म्हणून बाजूला ठेवतील. ज्यांना पुणं जवळ आहे त्यांनीच मागणी केली, तर सभेला ती ऐकून घ्यावी लागेल.