आजचं हळदीकुंकू आणि माझी एक जुनी लाज

लिहू की नको असं गाडीतून येताना दहा वेळा मनात आलं. पण लिहिल्याशिवाय आज झोप लागायची नाही.

आज एका मैत्रिणीकडे हळदीकुंकू होतं. पंधरा-वीस जणी, पैठण्या, भेळ, मसाला दूध, वाण म्हणून स्टीलचा छोटा डबा. फेब्रुवारी लागलाय, त्यामुळे इथे अमेरिकेत पोरांच्या शाळेत ब्लॅक हिस्टरी मंथचे, म्हणजे काळ्या लोकांच्या इतिहासाच्या महिन्याचे प्रोजेक्ट सुरू आहेत. माझ्या लेकीच्या वाट्याला काळे इतिहासकार जॉन होप फ्रँकलिन आलेत, हे मी जरा कौतुकाने सांगायला गेले. तर एक वहिनी म्हणाल्या, "महिनाभर कसलं कौतुक करायचं यांचं? आपण बघ, दोन बॅगा घेऊन आलो, शिकलो, घरं घेतली. शिकलं की सगळं होतं. यांना शिकायलाच नको!" आणि तिळगूळ पुढे केला. सगळ्या हसल्या.

मीही हसले. त्या हसण्याचा राग आलाय मला.

शिकलं की सगळं होतं. बरं. मग ऐका. फ्रँकलिन यांचे वडील बक फ्रँकलिन वकील होते, आई मॉली शिक्षिका. पोराला सांभाळायला घरी कोणी नाही म्हणून आई त्याला वर्गात मागे बसवायची, तिथे बसल्या बसल्या तो लिहायला-वाचायला शिकला. फिस्क विद्यापीठातून बी.ए., १९४१ साली हार्वर्डची पीएच.डी. आणखी किती शिकायचं होतं माणसाने?

सहा वर्षांचा असताना आई आणि बहिणीबरोबर रेल्वेत चढला. बसले तो डबा गोऱ्यांचा निघाला. आईने जागा सोडायला नकार दिला, तर गाडी थांबवून तिघांना रानात उतरवलं. पोरगं रडायला लागलं. आई म्हणाली, त्या गाडीतलं कोणीही तुझ्यापेक्षा वरचढ नाही, रडण्यात ताकद घालवू नकोस. आणि चालत घरी आले. आई शिक्षिका होती हो, वहिनी. शिकलेली.

आता माझी गोष्ट. ही मी फक्त नवऱ्याला सांगितली आहे.

२०११ साल. आम्ही नॉर्थ कॅरोलिनात नुकतेच आलो होतो. नवऱ्याच्या ओळखीने एका विद्यापीठाच्या स्वागत समारंभाला गेलो. मी साडी नेसलेली, इंग्रजी बोलताना तोंड कोरडं पडायचं. हातात रिकामी प्लेट घेऊन कुठे ठेवायची ते शोधत होते. टेबलाशेजारी गडद सूट घातलेले एक उंच काळे गृहस्थ उभे होते. मी सरळ प्लेट त्यांच्या हातात दिली. वर थँक्यूही म्हटलं! त्यांनी ती घेतली, माझ्याकडे बघून किंचित मान हलवली आणि कोपऱ्यातल्या ट्रेमध्ये नेऊन ठेवली. वीस मिनिटांनी तेच गृहस्थ माइकपाशी गेले. समारंभ त्यांच्याच विभागाचा होता. ते विभागप्रमुख होते.

वेटर पांढऱ्या शर्टात होते. सगळे. मला दिसत होते ते. तरीही.

फ्रँकलिन यांचा किस्सा मला त्यानंतर काही वर्षांनी वाचायला मिळाला आणि अंगावर काटा आला. १९९५ साल. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या हस्ते प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम हा देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळणार, म्हणून त्यांनी वॉशिंग्टनच्या कॉसमॉस क्लबमध्ये मित्रांना जेवायला बोलावलं होतं. क्लबचे ते स्वतः सभासद. वय ८०. एका गोऱ्या बाईने त्यांच्या हातात कोट ठेवल्याचा बिल्ला दिला आणि सांगितलं, माझा कोट आणून दे. ते शांतपणे म्हणाले की इथले सगळे नोकर गणवेशात आहेत, त्यांच्यापैकी कोणाला दिलात तर कोट मिळेल. त्या बाईला आपण नावं ठेवणार. मीही ठेवली असती, पण त्या बाईच्या हातात मला माझी प्लेट दिसते.

बरं, त्यांनी निदान उत्तर दिलं. माझ्या त्या सरांनी तेही दिलं नाही. नव्याने आलेली बाई आहे, असू दे, असं म्हणाले असतील मनात. की रोजचंच झालं होतं त्यांना?

आता घरांचं. 'घरं घेतली' म्हणाल्या ना वहिनी. १९५६ साली ब्रुकलिन कॉलेजने फ्रँकलिन यांना इतिहास विभागाचं प्रमुख केलं. ५२ इतिहासकारांचा विभाग, सगळे गोरे. न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर बातमी छापली. आणि हा पहिल्या पानावरचा माणूस कॉलेजजवळ घर शोधायला निघाला, तर दलाल घर दाखवेनात. घर सापडलं तर कर्ज मिळेना. शेवटी त्यांच्या वकिलाच्या वडिलांची एका बँकेत ओळख निघाली, म्हणून जमलं. ओळख! हार्वर्ड नाही, पहिलं पान नाही, ओळख. वर्षाहून जास्त काळ गेला त्यात. आणि घर मिळाल्यावर शेजारच्यांनी छोट्या मुलाला छळलं ते वेगळंच. त्यांची बायको ऑरेलिया ग्रंथपाल होती. नवरा वॉशिंग्टनला बसून पुस्तक लिहीत होता तेव्हा हिच्या पगारावर त्याचं भागत होतं. त्याच ऑरेलियाने मुलासाठी नोकरी सोडली. तिच्या नावाचं मेडल मला कुठे सापडलं नाही.

तुम्ही म्हणाल, पण शेवटी शिकले म्हणूनच इथवर आले ना? हो, आले. आणि हार्वर्डला जायला पैसे नव्हते तेव्हा थिओडोर करिअर या गोऱ्या प्राध्यापकाने बँकेतून ५०० डॉलर कर्ज काढून दिले, हेही खरं. दिलं मान्य करून. पुढे.

पुढे म्हणजे ओक्लाहोमातलं टल्सा शहर. १९२१ साली वडील आधी एकटेच तिथे गेले, जम बसला की कुटुंबाला बोलवायचं म्हणून. ३१ मे आणि १ जूनला गोऱ्या जमावाने तिथली ग्रीनवुड ही काळ्यांची वस्ती जाळली. बाराशेंवर घरं गेली. आईला कितीतरी दिवस कळेना की नवरा जिवंत आहे की नाही. तो जिवंत होता. तंबू ठोकून त्यात वकिली करत होता. नगरपालिकेने असा नियम काढला की पुन्हा बांधायचं तर महागड्या, न जळणाऱ्या सामानानेच बांधा, म्हणजे गरीब माणूस आपोआप उठून जाईल. बक फ्रँकलिन त्यावर कोर्टात गेले आणि जिंकले. कुटुंब एकत्र आलं ते १९२५ला. चार वर्षांनी! आपल्याकडे एच-फोर व्हिसा (नोकरीवर आलेल्याच्या कुटुंबाचा) सहा महिने लांबला तर आपण किती पोस्टी टाकतो. मीही टाकल्या होत्या.

आणि हे आपलं राली, नॉर्थ कॅरोलिनाची राजधानी. १९३९ साली फ्रँकलिन संशोधनासाठी इथल्या सरकारी दप्तरखान्यात आले. काळ्या माणसाला बसवायचं कुठे हा प्रश्न पडला, म्हणून एक खोली रिकामी करून दिली. गोरे मदतनीस काळ्या माणसाला कागद कसे आणून देणार, म्हणून कागदपत्रांच्या कोठाराची किल्लीच त्यांच्या हाती दिली. दोन आठवड्यांत गोरे संशोधक तक्रार घेऊन आले की हा आमच्यावर अन्याय आहे, आम्हालाही किल्ली द्या. मग किल्ली परत घेतली. हे वाचून मी खदाखदा हसले होते आणि मग गप्प झाले. आम्ही पाहुणे आले की त्याच भागातून फिरवतो, म्युझियम दाखवतो, आइस्क्रीम खातो.

दर ३ जानेवारीला आमच्या ग्रुपवर सावित्रीबाईंच्या फोटोंचा पाऊस असतो. जोतिरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. पुण्यात बसून त्या माणसाला इथलं दिसत होतं, आणि आपण इथे वीस-वीस वर्षं राहून... जाऊ दे.

जाऊ दे तरी का म्हणतेय मी? दर वेळी हेच म्हणते. त्या दिवशीही माइकवरचं भाषण संपल्यावर नवऱ्याला म्हटलं, जाऊन सॉरी म्हणू का? तो म्हणाला, आता कशाला, त्यांच्या लक्षातही नसेल. मला ते सोयीचं होतं. आम्ही केक खाल्ला आणि घरी आलो.

रात्री लेक विचारत होती, त्यांना ऑर्किडचा नाद होता, काचघरात वाढवायचे, एका ऑर्किडला त्यांचं नाव पण आहे, हे चार्टवर लिहू का? म्हटलं, लिही, सगळ्यात वर लिही. मग तिने विचारलं, आई, तू कधी भेटली होतीस का त्यांना? म्हटलं नाही गं, आपण यायच्या आधीच, २००९ला गेले ते. प्लेटचं मात्र नाही सांगितलं तिला. आता इथे लिहिलंय, म्हणजे कधीतरी वाचेलच.

वहिनी, तुम्ही माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहात हे मला माहीत आहे. फोन करायचा असेल तर करा, पण उद्या सकाळी. आज सिंकमध्ये भांडी तशीच पडलीत.