एमव्हीचा फेरफार

लिनक्सवर एकाच डिस्कवर चाळीस जीबीची फाइल या फोल्डरातून त्या फोल्डरात टाका, फाइल हलवायची कमांड एमव्ही पापणी लवायच्या आत मोकळी होते. होणारच, कारण फाइल जागची हललेलीच नसते. सातबाऱ्यावर फेरफार झाला, जमीन तिथंच! तीच कमांड दुसऱ्या डिस्कचा पत्ता देऊन चालवली की मात्र जमीन खणून टेम्पोत भरावी लागते. आधी सगळं कॉपी, मग मूळ पुसणं. त्या काळात एमव्ही तोंडातून अवाक्षर काढत नाही. काम चालू आहे की डिस्कनं मान टाकली, हे ओळखायचं आपण. जुन्या यूएसबी २.० पोर्टात सेकंदाला ३०-४० एमबी मिळाले तर ५०० जीबीला चार तास. मध्येच वीज गेली तर काही फोल्डर तिकडे, काही इकडे आणि एक अर्धवट.

म्हणून दोन डिस्कच्या व्यवहारात मी एमव्हीला घेतच नाही. त्याऐवजी आरसिंक, हायफन ए: मालक, तारखा यांच्यासकट कॉपी. गुणी कमांड, पण एका तिरप्या रेघेवरून घर उलटंपालटं करते. मूळ फोल्डरच्या नावाच्या शेवटी रेघ नसेल तर अख्खा फोल्डर जातो, असेल तर फक्त आतला माल, आणि तो समोरच्या डिस्कवर मोकळाच पसरतो. त्यात टॅब दाबून नाव पुरं करून घेतलं की टर्मिनलात आपल्या कमांड वाचणारं बॅश ती रेघ न विचारता जोडून देतं. तत्परता म्हणतात ती हीच. आधी हायफन एनव्ही लावून रंगीत तालीम घ्यावी. यादी दिसते, हलत काही नाही.

समोरची डिस्क फॅट३२ या पद्धतीनं फॉरमॅट केलेली असली तर आणखी मजा. ४ जीबीच्या वरची फाइल तिला चालत नाही, पण ती हे दारात सांगत नाही. ४ जीबी गिळून मग नकार देते. फाइलच्या नावातल्या विसर्गासारख्या दोन टिंबांचंही तिला वावडं. फाइलचा मालक कोण, याचीही नोंद ठेवत नाही, त्यामुळे आरसिंक ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ असा जप सुरू करतं. एक्सफॅट केलं तर आकाराचं दुखणं जातं, मालकीचं राहतं. डिस्क फक्त लिनक्सवरच वापरायची असेल तर सरळ एक्स्ट४ करा.

सगळ्यात कपटी प्रकार निराळाच. डिस्क माउंटच झालेली, म्हणजे सिस्टिमला जोडलीच गेलेली नसते, पण तिच्या नावाचा रिकामा फोल्डर जागेवर असतो. आरसिंक आनंदानं त्यात भरत सुटतं, म्हणजे आपल्याच मूळ डिस्कवर, ‘नो स्पेस लेफ्ट’ येईपर्यंत. सुरुवातीलाच जोडलेल्या डिस्कची यादी देणारी डीएफ हायफन एच मारून बाहेरची डिस्क यादीत आहे ना, ते पाहावं.

कॉपी झाली की तीच कमांड हायफन एसीएनव्ही लावून पुन्हा चालवायची. आता चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला आकडा, जुळवायला दोन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या जातात. चहा नव्हे, जेवण उरकून या. यादीत एकाही फाइलचं नाव आलं नाही, तरच मूळ आपल्या हातानं पुसायचं.

कमांड संपून प्रॉम्प्ट परत आला म्हणून केबल उपटायची नसते. शेवटचा माल अजून रॅममध्येच असू शकतो. यूमाउंट करून डिस्क सोडवली की तो डिस्कवर उतरतो. तिथं उत्तर येतं, ‘टार्गेट इज बिझी’. डिस्क कुणी अडवून ठेवली, हे एलएसओएफ या कमांडला विचारलं की पुष्कळदा एकच नाव निघतं: बॅश. आपलं टर्मिनलच त्या फोल्डरात ठाण मांडून बसलेलं असतं. सीडी ही कमांड मारून बाहेर या, आणि यूमाउंट पुन्हा.