प्रिय विकृतांनो

ही शिवी नाही. हेझी लेस्क्ली या हिब्रू कवीच्या शेवटच्या संग्रहाचं हे नाव, ‘सोतिम येकारिम’. 1994 मध्ये तो एड्सनं गेला आणि त्याच वर्षी त्याच्या मागे हे पुस्तक आलं.

परवा एका लग्नाच्या पंगतीत आमच्या नात्यातल्या एका मुलाचा विषय निघाला. कुणीतरी आवाज खाली आणून म्हणालं, “तो तसला आहे.” मी ताटात बघत राहिलो. रात्रभर ते ‘तसला’ डोक्यातून जाईना, आणि लेस्क्ली आठवला. हिब्रूतल्या ‘सोते’चा मूळ अर्थ वाट सोडून वळलेला. बोलण्यात मात्र विकृत. लेस्क्लीनं तो शब्द पुसला नाही, त्याला सभ्य पर्यायही शोधला नाही. पत्राच्या मायन्यात बसवला. तीर्थरूप आईस लिहावं तसं, प्रिय विकृतांनो!

जन्म 1952 चा, नाझींच्या छळातून वाचलेल्या आईबापांच्या पोटी. काही वर्षं हॉलंडमध्ये काढून इस्रायलला परतला. नृत्यं बसवली, तेल अवीवमध्ये नृत्यसमीक्षा लिहिली. पहिला संग्रह ‘बोट’, म्हणजे हाताचं बोट, 1986 चा. तेव्हा पुरुषा-पुरुषांतला संबंध तिथे कायद्यानं गुन्हा होता. आपल्याला कलम 377 देणाऱ्या इंग्रजांनीच इस्रायल होण्याआधीच्या पॅलेस्टाइनमध्ये तो कायदा मागे ठेवला होता. फारसा वापरत नसत, पण पुस्तकात होता. तिथून तो कायदा 1988 ला गेला, आपल्याकडून 2018 ला.

पुढे एका संग्रहाला त्यानं नाव दिलं ‘उंदीर आणि लेआ गोल्डबर्ग’. लेआ गोल्डबर्ग म्हणजे तिथे लहानपणापासून घराघरात वाचली जाणारी कवयित्री. तिच्या शेजारी उंदीर बसवायला छाती लागते.

मी मात्र अडकतो त्या भाषेपाशी. हिब्रूतही आपल्यासारखंच क्रियापद चुगली करतं. ‘करतो’ की ‘करते’, लपवता येत नाही. ‘तू आलास’ म्हणजे ‘बाता’, ‘तू आलीस’ म्हणजे ‘बात’. लिहिताना दोन्हींची अक्षरं तीच तीन. फरक फक्त स्वरखुणांचा, आणि त्या वर्तमानपत्रात छापत नाहीत. कवितेत छापायची रीत आहे. म्हणजे बातमीत प्रियकर लपू शकतो, कवितेत त्याला उघड्यावर यावंच लागतं.

लेस्क्लीची ओळख ‘एड्सनं गेलेला कवी’ अशी करून दिली की मला राग येतो. जीव वाचवणारी एकत्रित औषधं 1996 च्या सुमारास आली, दोन वर्षं उशिरा. ते दुःख आहेच. पण त्याआधी तो भरभरून जगला, नाच बसवले, लिहिलं. ते आधी सांगा ना!

काल त्या मुलाला फोन केला. विचारलं, “लग्नाला का नाही आलास?”

“बोलावलं कुठे होतं, काका?”

रविवारी जेवायला ये म्हटलंय. दोघेही या, म्हटलंय.