इंटरप्ट लावला तरी बाइट हरवतो

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या मेंटेनन्सवाल्यांपासून डिप्लोमाच्या पोरांपर्यंत सगळ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सिरियल डेटा (बिटामागून बिट येणारा) इंटरप्टवर घ्या, म्हणजे बाइट आला की प्रोसेसर हातातलं काम थांबवून ‘हँडलर’ नावाचा छोटा कोड चालवेल, एकही बाइट हरवणार नाही, आलेल्या बाइटचं जे करायचं ते तिथेच हँडलरमध्ये उरका, हँडलर आणि मुख्य लूप (सतत फिरत राहणारा मुख्य कोड) यांचं सामायिक व्हेरिएबल व्होलटाइल करा, काम झालं, आणि तरीही डेटा गळाला तर बफर (आलेले बाइट साठवायची मेमरीतली जागा) वाढवा.

चारही मुद्दे ऐकायला गोड आहेत. एकही जसाच्या तसा टिकत नाही.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक. इंटरप्ट आला की प्रोसेसर लगेच धावतो, असं नसतं. आर्डुइनो उनो बोर्डावरच्या एटीमेगा३२८पी चिपमध्ये एक हँडलर सुरू असताना बाकीचे इंटरप्ट आपोआप बंद असतात. तोवर हार्डवेअर सांभाळतं किती? फिफोत (आलेल्या बाइटच्या छोट्या रांगेत) दोन बाइट, तिसरा शिफ्ट रजिस्टरमध्ये (जिथे बिट जमून बाइट बनतो). चौथ्याचा स्टार्ट बिट आला की ओव्हररन, म्हणजे बाइट बुडाला. ११५२०० बॉडला (सेकंदाला इतके बिट) बाइट सुमारे ८७ मायक्रोसेकंदाला एक येतो. आता गणपतीच्या देखाव्यात लावतात ती डब्ल्यूएस२८१२ची एलईडी पट्टी घ्या. उनोवरच्या नेहमीच्या लायब्ऱ्या तिला डेटा पाठवताना इंटरप्ट बंद ठेवतात, एलईडीमागे ३० मायक्रोसेकंद. ६० एलईडींना १.८ मिलिसेकंद लागले, म्हणजे तेवढ्यात वीसेक बाइट येऊन गेले आणि त्यातले सतराएक बुडाले. कोड इंटरप्टचाच होता. शिव्या मात्र डेटा पाठवणाऱ्या ब्लूटूथ मॉड्यूलला.

‘तिथेच उरका’ हा सल्ला याच दुखण्यात भर घालतो. हँडलरमध्ये प्रिंट टाकून आलेला प्रत्येक बाइट ‘आला: 4A’ असा त्याच बॉड रेटने परत छापायचा म्हटलं, तर एकाच्या बदल्यात कितीतरी बाइट बाहेर काढावे लागतात. पाठवायचा बफर भरला की प्रिंट अडून बसतं, आणि तेही हँडलरच्या आत. हँडलरचं काम तीन ओळींचं: एरर फ्लॅग (चूक झाल्याची खूण) वाचा, बाइट उचला, रिंग बफरमध्ये (शेवट आला की पुन्हा सुरुवातीपासून भरणाऱ्या बफरमध्ये) टाका. फ्लॅग आधी, बाइट नंतर. बाइट वाचला की त्याचे फ्लॅग हातचे जातात. फ्रेम (बाइटांचा एक अख्खा संदेश) पूर्ण झाली का, सीआरसी (चूक पकडणारा तपासणी आकडा) जुळतो का, हे मुख्य लूपने बघावं.

व्होलटाइल हवंच, पण त्याने कंपायलरला एवढंच कळतं की किंमत दर वेळी मेमरीतून वाच. या ८ बिटी चिपवर बफरमधली जागा दाखवणारा १६ बिटांचा इंडेक्स दोन तुकड्यांत वाचला जातो. खालचा तुकडा २५५ वाचला, मध्येच इंटरप्टने इंडेक्स २५६ केला, मग वरचा तुकडा १ आला, की हातात पडतात ५११. बफर २५६ किंवा त्याहून लहान ठेवून एक बाइटाचा इंडेक्स वापरा, नाहीतर वाचण्यापुरते इंटरप्ट बंद करा. हेड (लिहायची जागा) फक्त हँडलरने हलवावा, टेल (वाचायची जागा) फक्त लूपने. दोघांनी मिळून एकच काउंट वाढवणं-घटवणं नकोच; तिथे ८ बिटही वाचवत नाहीत.

राहिला बफर. जीपीएस मॉड्यूल सेकंदातून एकदा वाक्यांचा झोत सोडून गप्प बसतं. तिथे बफर वाढवणं बरोबर. पण दिंडोरीकडच्या द्राक्षबागेतल्या हवामान केंद्रावर ९६०० बॉडने अखंड डेटा येतोय आणि लूप डीएस१८बी२० सेन्सरच्या तापमानासाठी ७५० मिलिसेकंद नुसता थांबलाय, असं धरा. तेवढ्यात ७२० बाइट येतात. उनोचा ६४ चा बफर (त्यात ६३ च मावतात) ६६ मिलिसेकंदांत भरतो. १०२४ चा केलात तर ही वेळ निभेल, पण २ केबी रॅममधली अर्धी गेली. आणि लूप सरासरीनेच मागे पडत असेल तर तेही व्यर्थ: गंगापूर धरणात आवक विसर्गापेक्षा कायम जास्त राहिली तर भिंत किती वाढवणार? मापन सुरू करून लूप मोकळा सोडा, ७५० मिलिसेकंदांनी आकडा वाचा.

बफर वाढवण्याआधी दोन काउंटर ठेवा, एक हार्डवेअर ओव्हररनचा आणि एक रिंग बफर भरल्याचा. पहिला वाढला तर इंटरप्ट कोण अडवतंय ते शोधा, दुसरा वाढला तर लूप कुठे थांबतोय ते.