डोंगर ओसाड नाही, तुम्ही तो मार्चमध्ये बघताय

गेल्या जुलैत खारघरच्या डोंगरावर मला अक्षरशः रडू आलं. तीन पावसाळे ज्या कातळावर मी एकेक रोप मोजत होते, त्याच्या वरच्या उतारावर एका वृक्षलागवड करणाऱ्या गटाने दीड-दीड फुटाचे खड्डे मारले होते. उपसलेली माती नि मुरूम खाली घसरून सीतेच्या आसवांवर पसरला होता. नखाएवढी निळी-जांभळी फुलं ती. कातळावरच्या बोटभर मातीतून पाणी झिरपत राहतं, तिथेच उगवतात. त्या मातीत कस नसतो, म्हणून मातीआड दडलेल्या इवल्याशा फुग्यांत ही वनस्पती पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेते. पाऊस आठवडाभर थांबला, वरचं झिरपणारं पाणी खड्ड्यांतच मुरलं आणि कातळ कोरडा पडला.

मला राग आला, अजूनही आहे. पण त्या लोकांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी डोंगर मार्चमध्ये पाहिला, पिवळा, भकास. म्हणाले, इथे काहीच नाही, झाडं लावू.

उपग्रहाची चित्रं पाहूनही हेच होतं. सेंटिनेल-२ ची चित्रं फुकट मिळतात, त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा 10 मीटर बाय 10 मीटरचा तुकडा. रोपं मोजायची माझी पीव्हीसी पाइपची चौकट 1 मीटर बाय 1 मीटरची, म्हणजे एका ठिपक्यात अशा शंभर चौकटी. आणि ऐन पावसाळ्यात, जेव्हा हा सगळा संसार जिवंत असतो, तेव्हा वर ढग! नकाशावर तो डोंगर उघडा दिसतो तो यामुळे.

म्हणून चौकट टाकून गुडघ्यावर बसावंच लागतं. आत कोण कोण आहे, प्रत्येकाने किती जागा व्यापली आहे, हे लिहायचं. तेरडा, कवला, आभाळी, रानहळद, आणि गवतं तर किती! पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा.

चाफेवाडीच्या एका आजीने मला माझ्या वहीपेक्षा मोठा रानभाज्यांचा नकाशा तोंडपाठ सांगितला. "ताई, कुलू त्या उताराला, शेवळं झाडाच्या सावलीत, पहिल्या पावसाला. गिरिपुष्पाखाली काय शोधतेस? तिथं काय नाय." खरं आहे ते. मध्य अमेरिकेतून आलेलं ते झाड झपाट्याने वाढतं, खाली दाट सावली नि पाचोळा, आणि गवत संपतं. हिरवं दिसतं म्हणून आपण खूश.

झाडं लावूच नका असं मी म्हणत नाही. ओढ्याकाठी उंबर, करंज लावा, तिथे ती मुळातच असतात. उतारावरचं गवत मात्र गवतच राहू द्या. फेब्रुवारी-मार्चमधला वणवा रोखायला माणसं हवीत, रानमोडीचं पसरणारं तण फुलायच्या आत उपटायला हवीत. या कामाला कुणी येत नाही. फोटोत दिसणारं काम नाही ना ते!

यंदा खड्डे मारायच्या आधी कुणीतरी निदान एक पावसाळा मोजणी करा. माझ्याकडे दोन चौकटी आहेत, घेऊन जा. रविवारी सकाळी मी वर असते.